मीठ तसंच राहू दे

‘म्हणजे मीठ काढतच नाही तुम्ही? मग शुद्ध काय केलंत?’ रविवारी गवार निवडता निवडता सासूबाईंनी विचारलं. मला हसू आलं. तेलविहिरीतून तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी पुन्हा वापरण्याजोगं करायचं, हे काम हातात आलं तेव्हा मीही सरांना हेच विचारलं होतं.

भोसरीत आमची छोटी लॅब आहे. सध्या माझ्या टेबलावर टेक्सासचं पाणी आहे. खरं नव्हे, तिकडच्या रिपोर्टवरून मीच मीठ, कॅल्शियम, बेरियम, लोह, बोरॉन मोजून कालवलेलं. पर्मियन खोऱ्यात, म्हणजे तिकडच्या मोठ्या तेलपट्ट्यात, एका बॅरल तेलामागे साधारण ३-४ बॅरल पाणी वर येतं, बऱ्याचदा समुद्राच्या तिप्पट खारट. ते नुसतं खोल विहिरीत ढकलत राहिलं तर जमीन हलते. ओक्लाहोमातला २०१६ चा ५.८ चा भूकंप अशाच पाण्याशी जोडला जातो. म्हणून आता त्यातलं काही पाणी पुढच्या विहिरीत दाबाने सोडून तेल धरून बसलेला खडक फोडायला वापरतात.

खडकाला मिठाचं वावडं नाही, त्यामुळे ते काढायचा खर्च कोण करणार? नको असतात ते तेलाचे थेंब, लोह आणि सडक्या अंड्यांसारखा वास सोडणारे जिवाणू. पाणी पाइपातून सहज सरकावं म्हणून त्यात पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांचं रसायन, घालतात; ते तेवढं खारट पाण्यात टिकणारं निवडायचं. साध्याच्या साखळ्या आक्रसतात आणि पाइपमधलं घर्षण नीट कमी होत नाही.

बोरॉनची गोष्ट मात्र मजेची. घट्ट जेल लागतं तिथे गवारीच्या बियांचं पीठ घालतात, आपल्याच राजस्थानातून जाणारं. बोरॉन त्याच्या साखळ्या एकमेकींत अडकवतो, पण ते खाली, ठरल्या वेळी व्हायला हवं. पाण्यात आधीच बोरॉन असला तर? परवा गवारीचं पीठ घातलेल्या नमुन्याचा पीएच मी जरा जास्तच वाढवला, आणि बोरॉनने साखळ्या तिथेच अडकवल्या. बीकर उलटा धरला, थेंब पडेना. आत थरथरणारा गोळा. सासूबाईंना फोटो दाखवला तर म्हणाल्या, ‘अगं, ही गवार?’

दुसरा घोळ निव्वळ माझ्या आळसाचा. डिस्टिल्ड पाणी संपलं होतं, म्हणून नमुना आमच्या बोअरच्या पाण्याने पातळ केला. क्षणात दुधासारखा पांढरा! बोअरमधलं सल्फेट आणि माझं बेरियम मिळून न विरघळणारा पांढरा साका झाला. तिकडे दोन विहिरींचं पाणी न तपासता एकत्र केलं तर हाच थर पाइपात बसतो, आणि तो ॲसिडलाही दाद देत नाही. तो बीकर अजून सिंकपाशी पडलाय, बुडाला पांढरं कडं धरून.