फोटोत बॉल कुठाय?

बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला की शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघतेय, कोणाकडे जुने फोटो असतील तर पाठवा आणि सोबत चार ओळी लिहा. म्हणून माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली आणि तिथंच फरशीवर दोन तास बसून राहिलो. बायको दोनदा येऊन चहा गार होतोय म्हणून सांगून गेली.

आमच्या घरात लग्नाचे अल्बम कमी आणि हॉकीचे फोटो जास्त. खडकीत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आबा दारूगोळा कारखान्यात होते, अण्णाही तिथेच लागले, आणि संध्याकाळी भोंगा झाला की अर्धी माणसं घरी जायची आणि अर्धी मैदानावर. आबा फुल बॅक, अण्णा सेंटर हाफ, काका लेफ्ट आऊट, ताई राईट आऊट. मी शेंडेफळ, त्यामुळे सगळ्या जागा भरल्यावर जी उरली ती मला मिळाली, म्हणजे गोलकीपर. अंगणात सगळ्यांना शॉट मारायची प्रॅक्टिस करायची असायची, समोर कोणीतरी उभं पाहिजे ना.

फोटो काढायचे काका. त्यांच्याकडे आगफाचा क्लिक थ्री होता, रोलमध्ये बारा फोटो, शटरचा स्पीड एकच, त्यात काही कमीजास्त करता यायचं नाही. आणि त्यामुळे झालंय असं की आमच्या घरातल्या खेळतानाच्या एकाही फोटोत बॉल दिसत नाही. खोटं नाही सांगत, परवा भिंग घेऊन बसलो होतो. आबा ओणवे होऊन स्टिक फिरवतायत, समोरचा पोरगा पाय वर करून उडी मारतोय, मुरुमाची धूळ उडालीय, फक्कीची रेघ सुद्धा स्पष्ट दिसतेय, पण बॉल नाही. बघणाऱ्याला वाटावं ही माणसं स्टिका घेऊन मैदानात विंचू मारतायत.

फोटो धुवून आले की अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला, "अरे, बॉल कुठाय?" आणि काकांचं उत्तरही ठरलेलं, "पुढच्या फोटोत येईल." मग रात्री जेवताना त्यावर चर्चा, की बॉल आबांनी मारून झालाय का मारायचाय, स्टिक कुठल्या उंचीवर आहे, समोरच्याची नजर कुठं आहे. आई हॉकी कधी खेळली नाही पण ती भाकरी थापता थापता बरोबर सांगायची, "मारून झालाय. तो गोलकीपर बघा, तोंड वाकडं झालंय." आणि मग फोटोच्या पाठीमागे पेन्सिलने तारीख, मैदान आणि कोण जिंकलं ते लिहून ठेवायची. ती पेन्सिल अजून वाचता येते.

एका फोटोवरून तर आमच्या घरात अजून भांडण आहे. मागे कडेला एक काटकुळा पोरगा स्टिक खांद्यावर टाकून उभाय, पाठमोरा. काका शेवटपर्यंत सांगत होते की तो धनराज पिल्लेच. पुढे भारताचा कॅप्टन झालेला धनराज आपल्या खडकीचा, वडील तिथल्या मैदानाची देखभाल करायचे, त्यामुळे अशक्य काही नाही. पण काटकुळा आणि पाठमोरा एवढ्या पुराव्यावर खडकीतली निम्मी पोरं धनराज ठरतील असं ताईचं म्हणणं.

आपली शाळा जून १९७५ ची. त्याच वर्षी १५ मार्चला क्वालालंपूरला आपण पाकिस्तानला २-१ ने हरवून वर्ल्ड कप जिंकला होता, आणि माझी पहिली आठवण म्हणाल तर तीच. मी चार वर्षांचा, मला काय कळणार, पण रेडिओभोवती एवढी माणसं आणि सगळी गप्प, एवढंच डोक्यात बसलंय. आपल्या दुसऱ्या गोलवर, म्हणजे अशोक कुमारच्या, वाद झाला होता, पाकिस्तानवाले म्हणत होते बॉल आत गेलाच नाही, खांब्याला लागून बाहेर आला. अण्णा म्हणायचे, रेडिओवर ऐकणाऱ्याला हा त्रास नाही, जसदेव सिंग गोल म्हणाले की गोल.

शाळेत पी.टी.च्या सरांनी मला सहावीत पॅड बांधले. कॅनव्हासचे, आत कापूस आणि वेताच्या काड्या, पावसात भिजले की एकेक पाय उचलायला दोन माणसं लागावीत असे जड. बुटांवर चामड्याचे किकर. डोक्यावर काही नाही. मागे बारा फुटांचा गोल आणि त्याच्या तळाला अठरा इंची लाकडी फळी. हॉकीत गोलकीपर झालेल्या माणसाला तो फळीचा आवाज जन्मभर पुरतो. खाट्ट! डोळे मिटलेले असले तरी कळतं की गेला. सरांचं एक होतं, गोल खाल्ल्यावर कधी ओरडायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, "बॉल काढ आणि सेंटरला दे."

त्याच वर्षी दिल्लीचं एशियाड आलं. १९८२. चाळीत एकच टीव्ही, ब्लॅक अँड व्हाईट, आणि त्या खोलीत पन्नास माणसं. हॉकीची फायनल, पाकिस्तानशी. पहिला गोल आपला झाला आणि शेजारच्या काकूंनी साखर वाटली, साखर तोंडात विरघळायच्या आत बरोबरी झाली आणि मग एकामागून एक त्यांचे होतच गेले, ७-१ ने हरलो. मी फक्त आपल्या गोलकीपरकडे, मीर रंजन नेगींकडे बघत होतो, बाकी कोणाकडे बघताच येत नव्हतं. पुढे नेगींना काय काय ऐकून घ्यावं लागलं, मॅच विकली इथपर्यंत लोक बोलले. दुसऱ्या दिवशी शाळेत मी गेटातून आत आलो तर पोरं ओरडली, "नेगी आला, नेगी आला". वर्षभर तेच नाव. आता हसायला येतं पण तेव्हा मी दोन आठवडे पोट दुखतंय सांगून मैदानावर गेलो नव्हतो.

ताई मात्र घरात ताठ मानेनं फिरत होती, कारण त्याच एशियाडमध्ये बायकांच्या टीमनं गोल्ड मारलं होतं आणि कॅप्टन होती आपल्या पुण्याची एलायझा नेल्सन. पुरुषांच्या पराभवावर तेव्हा घरोघर रडारड झाली, बायकांच्या गोल्डवर आमच्या चाळीत एकट्या ताईनं पेढे वाटले, स्वतःच्या पैशानं, आणि लोकांनी "कशाचे गं?" म्हणून विचारत खाल्ले. एलायझाचं पेपरातलं कात्रण तिनं पुठ्ठ्यावर चिकटवलं, वर सेलोफेनचा कागद लावला. ट्रंकेत ते सगळ्यात वर होतं, कडा पिवळ्या झाल्यात, डिंकाचे डाग पडलेत, आणि मागच्या बाजूला अर्धी साबणाची जाहिरात आहे.

नेगींचं पुढचं मात्र कमी लोकांना ठाऊक असतं. १९९८ ला बँकॉकला आपण ३२ वर्षांनी एशियाडचं गोल्ड घेतलं, धनराज कॅप्टन, फायनल कोरियाशी, बरोबरी होऊन पेनल्टी स्ट्रोकवर गेली आणि आशिष बल्लाळनं वाचवली, तेव्हा त्या टीमचे गोलकीपिंग कोच नेगी होते. मी तेव्हा नोकरीनिमित्त नाशकात, एसटीडी बूथवरून घरी फोन लावला तर अण्णा हॅलोसुद्धा म्हणाले नाहीत, एकदम म्हणाले, "नेगी जिंकला रे." मी काही बोललोच नाही, बिल पळत होतं.

आणि मग मधली वर्षं, त्यावर काय लिहायचं. २००८ ला तर बीजिंगला क्वालिफायच झालो नाही, अण्णांनी त्या वर्षी ऑलिंपिकच बघितलं नाही.

५ ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिंपिक, सकाळी सातची मॅच, जर्मनीशी ब्राँझसाठी. ३-१ ने मागे पडलो तेव्हा अण्णा उठून आंघोळीला गेले, हा त्यांचा जुना उपाय, ते गेले की आपण गोल करतो असा त्यांचा हिशेब. ५-४ झाल्यावर आम्ही त्यांना बाहेर येऊच देईना. शेवटच्या सहा सेकंदात जर्मनीला पेनल्टी कॉर्नर, आपला गोलकीपर श्रीजेशनं अडवला, ४१ वर्षांनी मेडल, आणि आमच्याकडे एक म्हातारा बाथरूमचं दार आतून बडवतोय, काय झालं रे, काय झालं.

नंतर श्रीजेश जाऊन गोलच्या आडव्या दांड्यावर बसला तो फोटो अण्णांनी पेपरातून कापला आणि आबांच्या फोटोशेजारी लावला. मी म्हटलं, अण्णा, यातही बॉल नाहीये. तर म्हणाले, "याला आता काय करायचाय बॉल."

तर स्मरणिकेसाठी दोन फोटो पाठवतोय. एक १९८६ च्या शाळेच्या टीमचा ग्रुप फोटो. सर मध्ये खुर्चीवर, पुढं दोन स्टिका फुलीसारख्या ठेवलेल्या आणि फुलीच्या मध्ये बॉल, खडूनं साल लिहिलेला. सरांनी मुद्दाम ठेवला होता.

दुसरा त्याच वर्षीचा, आंतरशालेय फायनलचा. काका गोलच्या मागे जाऊन बसले होते, पोराचा भारी सेव्ह मिळेल म्हणून. फोटोत मी कॅमेऱ्याकडे बघतोय असं वाटतं. कॅमेऱ्याकडे नाही बघत. पाय फाकलेले आहेत, हात खाली गेलेत आणि मान पूर्ण मागे वळलीय. फोटोच्या मागे आईनं लिहिलंय, "१-० हरले. बॉल खाली फळीपाशी आहे, नीट बघा."

खरंच आहे. डाव्या कोपऱ्यात, नखाएवढा. छापताना तेवढा कोपरा कापू नका.