परळची वारी आणि आत्याची ‘आतली लाईट’

सोलापूरहून रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघालो, पहाटे दादरला उतरलो. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीला पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. त्याचा फॉर्म डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी आधीच भरून घ्या.

आत्याला गर्भाशयमुखाचा कॅन्सर. बाहेरून द्यायची लाईट, म्हणजे रेडिएशन, २५ वेळा सोलापुरातच झाली, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. ब्रॅकिथेरपीसाठी, म्हणजे आतल्या लाईटसाठी, आम्ही टाटात आलो. बाहेरची सुरू होते त्याच आठवड्यात आतलीची तारीख मागून ठेवा. दोन्ही मिळून ८ आठवड्यांत आटपायला हवी, आणि आम्ही अगदी काठावर पोचलो होतो.

पहिली ठेच घरच्याच गावची. उपचारांआधीचा एमआरआय काढणाऱ्या सेंटरनं नुसता रिपोर्ट हातात ठेवला होता, सीडी नाही. गाठ मुळात कुठवर पसरली होती हे डॉक्टरांना चित्रात बघायचं होतं. शेवटी भावानं भांडून सीडी काढून घेतली आणि ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवली.

दुसरी ठेच जोडव्यांची. एमआरआयला अंगावर धातू चालत नाही. मंगळसूत्र निघालं, पण चाळीस वर्षांची जोडवी काही केल्या हलेनात. बेसिनपाशी साबण लावून मी ओढतेय आणि आत्या म्हणतेय, "अगं, बोटच काढ की त्यापेक्षा!" हे काम घरीच उरकून या.

पाठीत भूल देऊन गर्भाशयात नळी आणि भोवती रिंग बसवतात, ती हलू नये म्हणून गॉज भरतात आणि तशीच एमआरआयला नेतात. पूर्वी साध्या एक्स-रेवर ठरलेल्या बिंदूंवरून डोस मोजायचे, म्हणजे सगळ्यांना साधारण एकाच पेर फळाच्या आकाराचा. आता उरलेली गाठ, मूत्राशय, गुदाशय, आतडं सगळं चित्रावर रेखून तो पेर तिच्या मापाचा कापतात. आत्याची गाठ डावीकडे जास्त उरली होती, म्हणून त्या बाजूला रिंगमधून दोन सुया जादा घातल्या. एका फेरीला ७ ग्रे (लाईटच्या डोसचं माप), अशा चार. एकदा नळी बसवून दोन, आठवड्यानं पुन्हा बसवून दोन.

लाईट स्वतः काही मिनिटांची. मशीनमधून इरिडियमचा बारीक कण नळीत जातो, ठरल्या जागी थांबतो आणि परत फिरतो. अंगात काही उरत नाही, घरी जाऊन नातवाला खुशाल मांडीवर घ्या. मिनिटं कधी जास्त लागली तर मशीन बिघडलं म्हणून घाबरू नका. इरिडियमचा जोर ७४ दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे जुन्या कणाला तेवढ्याच डोससाठी जास्त वेळ लागतो.

खरी परीक्षा आहे ती मधल्या वेळाची. नळी आत, पाठीवर उताणं, कूस बदलायची नाही, आणि अशी अख्खी रात्र. सोबतीला बाईमाणूसच हवं. पाणी पाजायला वाकडी स्ट्रॉ न्या, पायांवर टाकायला चादर न्या. दुखलं तर लगेच नर्सला सांगायला लावा. आमच्या बायका सोसत राहतात, आणि सोसताना हलतात.

सकाळी पुन्हा स्कॅन केला तर गुदाशयात गॅस भरून तो नळीकडे सरकलेला. स्क्रीनवर तो काळा फुगा मलाही दिसला. डोस तिथं लागला असता. रबरी नळीनं गॅस काढला, मूत्राशयात ठरलेलंच पाणी सोडलं आणि परत चित्र घेतलं, मगच लाईट. गाडीत आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली होती. तुम्ही आदल्या दिवशी मऊ भात, ताक एवढ्यावर भागवा. हरभरा, कोबी, शेंगा नकोत.

नळी काढताना थोडं रक्त जातं, जाड पॅड जवळ ठेवा. आणि एक गोष्ट पुरुषमंडळींना बाहेर पाठवून नर्सला विचारा. लाईटीनंतर योनीमार्ग आखडतो, मग तपासणीही अवघड होते. त्यासाठी डायलेटर, म्हणजे तो मार्ग मोकळा ठेवायचं साधन, कधीपासून आणि किती वेळा वापरायचा, हे आपणहून कोणी सांगेलच असं नाही. आत्या लाजली, मग मीच विचारलं.