काहीही चालेल

न्यू जर्सीतल्या आमच्या गावात एका चर्चच्या तळघरात दर शनिवारी सकाळी फूड पँट्री उघडते. ज्यांचा पगार महिनाअखेरपर्यंत पुरत नाही, त्यांनी यावं आणि किराणा घेऊन जावं. माझी लेक हायस्कुलात असताना तिला समाजसेवेचे तास भरायचे होते, म्हणून मी तिला तिथे सोडायला जायचे. थंडीत गाडीत बसून काय करायचं, म्हणून आत जाऊन खोकी उचलू लागले. तिचे तास भरले, ती कॉलेजला गेली, नोकरीला लागली. मी अजून तिथेच आहे.

माझं काम लोकांनी दिलेल्या डबाबंद अन्नावरच्या तारखा बघण्याचं. समाजसेवा म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे काही येतं, त्यातलं यात काहीच नाही. चष्मा कपाळावर ढकलून डबा उलटा करायचा आणि बुडाशी छापलेले पुसट आकडे वाचायचे. मग अंगठा फिरवून पोचा कुठे आहे ते पाहायचं. अंगावरचा किरकोळ पोचा चालतो, जोडावरचा चालत नाही. झाकण फुगलं असेल तर डबा थेट कचऱ्यात. नवे स्वयंसेवक तारीख उलटलेलं सगळंच फेकायला निघतात, त्यांना थांबवावं लागतं. या देशात केंद्राच्या कायद्याने तारीख सक्तीची आहे ती फक्त तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरीवर. बाकीच्या तारखा चव-दर्जाबद्दलचा कंपन्यांचा अंदाज. टोमॅटोसारखं आंबट डब्यात वर्ष-दीड वर्ष चांगलं राहतं, घेवडा-मका त्याहून कितीतरी जास्त.

डबे बघून बघून लोकांची कपाटं वाचता येऊ लागतात. नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा सण झाला की क्रॅनबेरी सॉस आणि भोपळ्याचा गर यांचा पूर येतो. घरी कुणी खाल्लं नाही, टाकवत नाही, मग पँट्रीला द्या. एकदा आर्टिचोक नावाच्या भाजीच्या बाटल्यांचं अख्खं खोकं आलं, ते उन्हाळाभर तिथेच होतं. मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी मात्र आमची चंगळ. त्या दिवशी देशभरातले पोस्टमन टपाल टाकता टाकता घराघरांतून डबे गोळा करतात. १९९३पासून ही प्रथा चालू आहे. त्या आठवड्यात आमच्या तळघरात पाय ठेवायला जागा नसते.

अन्न गोळा करून पँट्रींना पुरवणारी फूड बँक ही कल्पना मुळात आली ॲरिझोनातल्या फीनिक्समधून. १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल नावाच्या गृहस्थांनी तिथे पहिली फूड बँक काढली. एक लेकुरवाळी बाई दुकानांमागच्या कचऱ्यातलं चांगलं अन्न वेचून मुलांना जगवत होती. तिनेच त्यांना सुचवलं, म्हणतात, की पैशांसारखं अन्नही ठेवता-काढता येईल अशी बँक हवी. व्हॅन हेंगेल यांचं नाव झालं. त्या बाईचं नाव या गोष्टीत कुणी सांगत नाही. आमच्याकडचे निम्मे स्वयंसेवक बायकाच आहेत. त्यांना ही गोष्ट सांगितली की एकजात सगळ्या हसतात, आणि त्यातली एकही चकित होत नाही.

सुरुवातीला आम्ही पिशव्या बांधून ठेवायचो. प्रत्येक घराला एक पिशवी, आत सगळ्यांना तेच. मधुमेही आजोबांना साखरेत घोळलेलं सिरिअल, आणि मोटेलच्या एका खोलीत राहणाऱ्या, चूल नसलेल्या कुटुंबाला कोरडा राजमा. पिशवीतल्या नको असलेल्या वस्तू लोक चर्चच्या पायरीवर मुकाट्याने ठेवून जायचे. पुढे कुणीतरी म्हणालं, दुकानासारखं मांडू, ज्याचं तो निवडेल. त्यावर काय भांडणं झाली! लोक शेल्फं रिकामी करतील, रांग दुपारपर्यंत संपणार नाही, ट्यूना माशाचे डबे पहिल्या तासातच संपतील. ट्यूना खरंच संपतो, अजूनही. पण शेल्फं काही कुणी रिकामी केली नाहीत. ‘हे नको, घरी आहे’ असं म्हणून डबा परत ठेवणारी माणसं आम्हाला पहिल्यांदा दिसली ती तेव्हा.

काही जणांना मात्र निवडताच येत नाही. विशेषतः पहिल्या खेपेला. खाली बघत ‘काहीही चालेल’ म्हणतात आणि पिशवी पुढे करतात. हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझे वडील शिकायला पुण्याला आले ते वार लावून जेवले. सोमवारी एका वकिलांकडे, मंगळवारी मास्तरांकडे, असं आठवडाभर. पुढे नोकरी लागली, घर झालं, पण ‘आज काय करू?’ असं आईने विचारलं की उत्तर ठरलेलं: काहीही चालेल. आई वैतागायची. ‘अहो, एकदा तरी काहीतरी मागा!’ त्या वारांपैकी गुरुवारच्या घराची गोष्ट ते आवर्जून सांगायचे. तिथल्या काकू पान वाढायच्या आधी विचारायच्या, ‘तुला ताक आवडतं की आमटी?’ बाकीची घरं वाईट होती असं नव्हे. पण सत्तरीतही त्यांच्या लक्षात होतं ते त्या काकूंचं विचारणं.

म्हणून मी ‘काहीही चालेल’ ऐकलं की दोन डबे हातात धरते. हा की हा? त्याला बरं उत्तर येतं. एका आज्जींना मी चवळीचा डबा दाखवला तर त्यांचा चेहराच उजळला. त्या मूळच्या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, जॉर्जियाच्या. त्यांच्याकडे एक जानेवारीला चवळी खाल्ली की वर्ष भरभराटीचं जातं. मग आमचं चवळीवर बराच वेळ चाललं. त्यांच्या पाककृतीत डुकराचं मांस, माझ्या उसळीत गोडा मसाला. मागची रांग खोळंबली ती खोळंबलीच.

रांगेत कोण उभं असेल, सांगता येत नाही. २०१८ संपता संपता केंद्र सरकारचं बरंचसं कामकाज बंद पडलं, ते ३५ दिवस. तेव्हा गणवेशावर जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून आलेला एक माणूस मला आठवतो. विमानतळावर बॅगा तपासणारा. नोकरी पक्की, हजेरी रोजची, पगार बंद.

आमच्या मराठी मंडळातले लोक गणपतीत विचारतात, पँट्रीला काय द्यायचं? हौसेने तांदूळ देतात, ते हवेतच. पण तेल द्या, मीठ-मिरी द्या, नुसत्या राजम्याचं कुणी काय करणार? डबा देणार असाल तर कडीने उघडणारा द्या. कॅन ओपनर सगळ्यांकडे नसतो. आणि साबण, डायपर, सॅनिटरी पॅड. गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी स्नॅप कार्डावर यातलं काहीही घेता येत नाही, त्यामुळे आमच्याकडे सगळ्यांत आधी संपतं ते हेच. हाताने मदत करायची असेल तर नोव्हेंबरात कृपा करून येऊ नका. तेव्हा ऑफिसांची टोळकी एकसारखे टी-शर्ट घालून येतात, फोटो काढतात, आणि आम्हालाच उभं राहायला जागा उरत नाही. फेब्रुवारीत या. खोकी जड असतात, हीटर अधूनमधून बंद पडतो, आणि तारखा बघायला माझ्याशिवाय कुणी नसतं.