एक्स२३० वर कोअरबूट बसवताना: माझा अनुभव

कोअरबूट म्हणजे लॅपटॉपच्या मूळ बायोसच्या जागी बसवायचं मुक्त (ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असं) फर्मवेअर, म्हणजे मशीन चालू होताच आधी चालणारं, चिपमध्ये साठवलेलं सॉफ्टवेअर. जुन्या लॅपटॉपवर ते चालेल का, हे झाकणावरच्या नावावरून ठरत नाही, आतल्या बोर्डवरून ठरतं. माझा सगळ्यात जास्त वेळ याच शोधाशोधीत गेला आणि तो तसा जायलाच हवा. स्क्रू सैल करण्याआधी निम्मं काम झालेलं असतं.

हाताशी तीन लॅपटॉप होते. त्यातला सगळ्यात नवा, पाचव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, आधी बाद झाला. चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१३ पासून, इंटेलने बूट गार्ड हे संरक्षण आणलं. उत्पादकाने आपल्या डिजिटल किल्लीचा ठसा चिपसेटच्या (प्रोसेसरच्या जोडीच्या चिपच्या) फ्यूजमध्ये कायमचा कोरून ठेवला असेल, तर त्या किल्लीची सही नसलेलं फर्मवेअर सुरूच होत नाही. अर्थात हे सरसकट खरं नाही. थिंकपॅड टी४४०पी चौथ्या पिढीचा आहे, तरी त्यावर कोअरबूट चालतं. म्हणून नुसती पिढी बघून अंदाज बांधला नाही, ते तपासणारं इंटेलएमईटूल हे साधन चालवून पाहिलं. बूट गार्ड लागू असल्याचं दिसलं आणि तो विषय तिथेच संपला.

उरले थिंकपॅड एक्स२०० आणि एक्स२३०, आणि इथे निवड खरोखर अवघड होती. मॅनेजमेंट इंजिन (एमई) हा इंटेलच्या चिपसेटमधला वेगळा छोटा प्रोसेसर, आणि त्याचं फर्मवेअर बंदिस्त, म्हणजे त्याचा कोड खुला नाही. एक्स२०० च्या चिपसेटवर ते फर्मवेअर पूर्ण काढून टाकता येतं. एक्स२३० वर तसं केलं तर मशीन अर्ध्या तासात आपोआप बंद पडतं. तिथे एमई-क्लीनर या साधनाने ते छाटावं लागतं. पाच एमबीच्या आसपासचा भाग शंभर केबीच्या आत येतो, पण शून्य होत नाही. स्वातंत्र्याचाच हिशेब करायचा तर एक्स२०० सरस. मी तरी एक्स२३० घेतला. एक्स२०० च्या जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरवर आणि जास्तीत जास्त ८ जीबी रॅमवर माझं रोजचं काम भागत नव्हतं. शिवाय एक्स२३० वर रॅम सुरू करण्याचा कोड मुक्त आहे, आणि स्क्रीन सुरू करणारं लिबजीएफएक्सइनिटही मुक्त आहे. त्यामुळे ग्राफिक्ससाठी बंदिस्त व्हिडिओ बायोस लागत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

चिपला हात लावण्याआधी एक काम आवर्जून केलं. कीबोर्ड, पंखा आणि बॅटरी सांभाळणाऱ्या एम्बेडेड कंट्रोलरचं फर्मवेअर वेगळं असतं, कोअरबूट त्याला शिवत नाही, आणि ते अपडेट होतं मूळ बायोसच्या अपडेटबरोबरच. म्हणून आधी मूळ बायोसची आवृत्ती नवी करून घेतली. एक्स२३० मध्ये कोणती बॅटरी चालेल याची तपासणीही हाच कंट्रोलर करतो, त्यामुळे कोअरबूटनंतरही ती तशीच राहते. वेगळी बॅटरी बसवायची आशा धरून कोणी या वाटेला जाणार असेल, तर हे आधीच माहीत असलेलं बरं.

मग बॅटरी आणि चार्जर काढले, कीबोर्ड आणि पामरेस्ट उचलले. काळ्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्याखाली दोन चिप शेजारी शेजारी दिसतात: एक ४ एमबीची, दुसरी ८ एमबीची. बायोस छोट्या चिपमध्ये, तर मॅनेजमेंट इंजिन आणि नेटवर्कची माहिती मोठीत. चिपवर बाहेरून वाचण्या-लिहिण्यासाठी प्रोग्रॅमर लागतो; त्यासाठी रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड वापरला. सीएच३४१ए हा प्रोग्रॅमर स्वस्त आणि सहज मिळणारा, पण त्याच्या नेहमीच्या काळ्या बोर्डच्या डेटा पिनांवर ५ व्होल्ट येतात आणि चिप ३.३ व्होल्टची. तो धोका पत्करायची गरज नव्हती.

प्रोग्रॅमरला चिपशी जोडणाऱ्या क्लिपची पहिली पिन चिपवरच्या बारीक ठिपक्याशी जुळवली. चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या फ्लॅशरॉम या प्रोग्रॅमला चिप सापडेना. चिपचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून क्लिप वरून सरळ दाबली, तेव्हा कुठे चिपचं नाव आलं. त्यानंतरही लगेच लिहायला घेतलं नाही. प्रत्येक चिप पुन्हा पुन्हा वाचून फायलींचे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेले ओळख-आकडे) ताडून पाहिले. एका अक्षराचा फरक आला तरी संपर्क कच्चा आहे असं समजायचं आणि क्लिप परत बसवायची. इथली घाई महागात पडते.

लिहून झाल्यावर पहिल्यांदा चालू केलं, तेव्हा स्क्रीन नेहमीपेक्षा बराच वेळ काळी राहिली. कोअरबूट तेव्हा रॅमचं टायमिंग जुळवत असतं. ते साठवून ठेवलं जातं, म्हणून पुढच्या वेळा झटपट झाल्या. कोअरबूटनंतर ऑपरेटिंग सिस्टम सुरू करून देणारं सीबायोस आलं, लिनक्स सुरू झालं, आणि मला मनापासून आनंद झाला.

वाय-फाय शेवटी घेतलं. मूळ बायोस ठराविक यादीबाहेरचं कार्ड स्वीकारत नव्हता, कोअरबूटमध्ये अशी यादीच नाही. मी एथेरॉसचं एआर९२८० बसवलं. ते एथ९के ड्रायव्हरवर चालतं आणि त्याला बंदिस्त फर्मवेअर लागत नाही, इंटेलच्या कार्डांना लागतं.

आता नवी आवृत्ती टाकायला मशीन उघडावं लागत नाही. लिनक्सच्या कर्नलला (गाभ्याला) सुरू होताना आयोमेम=रिलॅक्स्ड हा पर्याय दिला की फ्लॅशरॉम आतूनच लिहितो. चिपमधून वाचलेल्या मूळ फायली मात्र दोन ठिकाणी जपून ठेवल्या आहेत. या बोर्डच्या नेटवर्क पोर्टचा मॅक पत्ता (त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) त्यातच आहे, आणि तो दुसऱ्याच्या फायलीतून मिळणार नाही.