तुम्ही विचारलंत म्हणून: भाऊ यंदा काहून नाही?

दिवाळी जवळ आली की बसस्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत, अगदी मयतीलासुद्धा लोक मला गाठतात. "सर, तुमच्या नाटकातला तो व्हिलन काहून दिसून नाही रायला आता? त्यानं सोडलं का कंपनीनं काढलं?" कंपनी माझी नाही. गावच्या नाट्य मंडळाची हिशेबाची वही मी बरीच वर्षं सांभाळली, वडशाला जाऊन नाटक ठरवून आलो, तेवढाच माझा संबंध. पण त्या व्हिलनशी, म्हणजे भाऊंशी, घरोबा झाला, म्हणून पकड माझी. तर एकदाच लिहून टाकतो. कंपनीनं काढलं नाही. डॉक्टरांनी सोडायला लावलं.

भाऊंचं नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलं. ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांना नाव सांगायची गरज नाही.

ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीतला धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. धान घरात आलं की भाऊबीजेपासून मंडया म्हणजे जत्रा भरतात, कुठं बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असतो, आणि रात्री नाटक. ते पार होळीपर्यंत चालतं. कंपन्यांचा बाजार देसाईगंजला, म्हणजे आमच्या वडशाला. पत्रकावर वेळ रात्री दहाची लिहितात, पडदा उघडतो मंडळाला वाटेल तेव्हा, आणि खेळ आटोपतो पहाटे. मग मेकअप पुसायचा, गाडीत मान टाकायची, उतरायचं ते दुसऱ्याच गावात. पुसातली थंडी, वरून दव, आणि अंगावर व्हिलनचा तो पातळ चकचकीत कोट.

त्यातही व्हिलनचं मरण वेगळं. कॉमेडीवाला आपले सीन करून गाडीत जाऊन घोरू शकतो. व्हिलनला शेवटच्या अंकात मरायचं असतं. तो मेल्याशिवाय पब्लिक उठत नाही. म्हणजे ज्या वेळी माणसाचा घसा सगळ्यात थकलेला असतो, नेमक्या त्याच वेळी त्याला सगळ्यात मोठ्यानं ओरडावं लागतं. पुण्या-मुंबईचे पाहुणे आमच्या नटांना भडक म्हणतात. म्हणू द्या. मोकळ्या मैदानात वर टांगलेल्या माइकच्या भरवशावर, लेकरं रडत असताना, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत वाक्य पोचवून दाखवा म्हणावं, मग बोलू.

भाऊंना शुगर होतीच. जागरण, अवेळी जेवण, गावोगावच्या यजमानाचा आग्रह. "व्हिलन आले, कोंबडं कापा," हे ठरलेलं. बूट काढले की पाय सुजलेले दिसायचे. पण खरा दगा घशानं दिला. नागपूरला डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, स्वरतंतूंवर गाठी निघाल्या. आपण ओरडतो तेव्हा हे दोन तंतू एकमेकांवर जोरात आपटतात. वर्षानुवर्षं आपटले की नांगर धरणाऱ्याच्या तळहाताला पडतात तसे घट्टे तिथं पडतात. आवाजाला विश्रांती द्या, ओरडणं आणि जागरण बंद करा, असं डॉक्टर म्हणाले. व्हिलनला सांगायची गोष्ट आहे का ही?

आमच्या गावातला त्यांचा शेवटचा प्रयोग मी विंगेतून पाहिला. तिसऱ्या अंकात सावकार विधवेच्या घरावर जप्ती आणतो, तो सीन. भाऊ आले, तोंड उघडलं, आणि आवाजच नाही. फक्त हवा. प्रॉम्प्टरला वाटलं वाक्य विसरले, त्यानं दोनदा दिलं. भाऊ सरळ चालत माइकच्या बरोबर खाली जाऊन उभे राहिले, मान जरा वर केली आणि अख्खी जप्ती कुजबुजत केली. "घर खाली कर, बाई." एवढंसं. पेटीवाल्यानं हात काढून घेतला. मैदान असं चिडीचूप झालं की कुठंतरी चहाच्या गाडीवरचा स्टोव्ह ऐकू येत होता. मग शिट्ट्या पडल्या. एक बाई उठून ओरडली, "मुडद्या, तुयावर वीज पडो!" व्हिलनला याच्यावर बक्षीस नाही.

आता गंमत बघा. आमच्या भागातला कोणीही प्रेक्षक धरा, भाऊंचं सगळ्यात भारी काम कोणतं म्हणून विचारा. तो हाच सीन सांगेल. "काय नवीन स्टाईल काढली होती बाप्पा!" आणि भाऊंना विचारा, ती रात्र त्यांच्या लेखी सगळ्यात वाईट. आत येऊन खुर्चीत बसले, ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरली आणि कागदावर लिहून दाखवलं, "पुढच्या हंगामाच्या तारखा घेऊ नका."

विक्रम गोखल्यांनी २०१६ मध्ये घशाच्या त्रासामुळं रंगमंच सोडला, तेव्हा पेपरात बातमी आली. त्यांनी पुढं सिनेमे केले. कॅमेऱ्यासमोर माइक जवळ असतो, रिटेक असतो, जमतं. आमच्या माणसाला तसं दुसरं दार नव्हतं. २०२३ ला गुरनोलीचे आमचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीनं फटाके फोडले, भाऊंनी पण पेढे वाटले. पण बाकीचे नट शेवटी नाईटवर, म्हणजे एकेका रात्रीच्या खेळाच्या पैशावर जगतात. नाईट बंद, पैसा बंद.

राज्य सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे, २०२४ पासून महिन्याला ५००० रुपये. अर्जाला कामाचे पुरावे जोडावे लागतात. भाऊंकडं काय होतं? चार शाली आणि एक ढाल. व्हिडिओ नाही, करारपत्र नाही. मग त्यांचे फॅन कामाला लागले. आठवणी सांगणारे पुष्कळ होते, पण इथं कागद पाहिजे होता. कोणाच्या पेटीच्या तळाशी अंथरलेलं पत्रक निघालं. एकानं घराच्या कुडाला चिकटवलेलं पोस्टर पाणी लावून लावून सोडवलं, त्यात भाऊंच्या मिशा मातीतच राहिल्या. काही पत्रकांवर नावच नाही, नुसतं "खतरनाक खलनायक". ते काय पुरावा म्हणून लावणार! एका पत्रकात त्यांचं आडनाव हिरोला आणि हिरोचं त्यांना. यावरून जुन्या लोकांत भांडणं झाली, अमुक साली ते अमुक कंपनीत होते की नव्हते. मला ती भांडणं फार आवडली. सत्कारातल्या भाषणांपेक्षा त्यात भाऊ जास्त सापडले. अर्ज झाला. मानधन मंजूर झालं की नाही, ते तुम्ही भाऊंनाच विचारा, पैशाचं मी सांगणार नाही.

सत्काराचं मात्र बोलतोच. शाल, श्रीफळ देता, चांगलं आहे. पण माइक हातात देऊन "भाऊ, एक डायलॉग होऊन जाऊ द्या" हे काय आहे? ते नाही म्हणत नाहीत. एका मंडळात त्यांनी ते जुनं गडगडाटी हसू हसून दाखवलं. टाळ्या मिळाल्या, आणि पुढचे कित्येक दिवस वहिनी त्यांच्या वतीनं फोनवर बोलत होत्या.

तर ते परत येणार नाहीत. दिवाळीच्या आधी वडशाला तालमी लागतात, तिथं जाऊन बसतात, नव्या पोट्ट्यांना हातानं खुणा करून माइकखाली कुठं उभं राहायचं ते दाखवतात. भेटायचं असेल तर दुपारी जा, चार वाजता ते धानाच्या बांधीवर जातात. गोड नेऊ नका. बोलायचं ते तुम्ही बोला, त्यांना ऐकायला आवडतं. तुमच्या गावच्या प्रयोगाचं सांगा. आणि जुनं पत्रक घरात असेल तर त्याचा फोटो नको, मूळ कागदच द्या. झेरॉक्स काढून परत करतो, ही माझी हमी.