माणूस चांगला आहे हो, पण...

सांस्कृतिक पूर्वग्रह म्हटलं की डोळ्यासमोर दंगल नाहीतर शिवीगाळ येते. मला तर तो सगळ्यात जास्त सोसायटीच्या मीटिंगमध्ये दिसतो, चहा बिस्किटं चालू असताना, एकदम गोड आवाजात. भाडेकरू आलेला असतो, नोकरी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, डिपॉझिटला तयार, पोलीस व्हेरिफिकेशनला तयार, मग आडनाव आणि गाव विचारून झालं की एखादे काका म्हणतात, 'माणूस चांगला आहे हो, पण त्यांचं कल्चर वेगळं पडतं ना.' झालं, विषय संपला. कुणी भांडलं नाही, फक्त फ्लॅट मिळाला नाही.

म्हणजे काय, तर माणूस कळायच्या आधीच मत तयार, आणि ते त्याच्या वागण्यावरून नाही तर खाणं, बोली, सणवार, कपडे यावरून, आणि मोजपट्टी कायम आपलीच. आखाडात आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्यावर मटण शिजतं, पण बिहारकडच्या घरात मासे तळले की लगेच 'वास येतो'.

आता प्रत्येक नावड म्हणजे पूर्वग्रह नाही बरं का. रात्री 1 वाजता डीजे वाजवणाऱ्याला बोललंच पाहिजे, पण त्याने सामान उतरवायच्या आधीच 'हे लोक डीजे लावणारच' हे जे म्हणतात ना, तो पूर्वग्रह. हल्ली साधी तक्रार केली तरी समोरचा हा शब्द तोंडावर फेकतो म्हणून सांगतोय.

सगळ्यात चिवट प्रकार अपवादाचा. पेठ-सुरगाण्याची आदिवासी माणसं दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येतात, छाटणी, विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), घड हातात धरून करायचं नाजूक काम, नवख्याला जमत नाही. बागायतदार म्हणतो 'आमची टोळी एक नंबर', आणि पुढच्याच वाक्यात 'बाकी हे लोक तसे आळशीच'. दर सीझनला चांगली टोळी येते, दर सीझनला ती अपवाद ठरते आणि मत जिथल्या तिथे. 'तुम्ही त्यांच्यातले वाटतच नाही' हे कौतुकही त्यातलंच, ऐकणाऱ्याला हसावं की रडावं कळत नाही.

आणि हे करणारा स्वतःला वाईट समजत नाही, हे नाशिककराला वेगळं सांगायला नको. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांनी दलितांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर, वर्षानुवर्षं चालला पण दार उघडलं नाही. अडवणारे म्हणत होते आम्ही परंपरा जपतोय. 1935 ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली ती त्यानंतर.

कधी तर पूर्वग्रहाचा कायदाच होतो. इंग्रजांनी 1871 ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला, अख्खी जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार, पोलिसांकडे हजेरी लावायची, विचारल्याशिवाय हलायचं नाही. 1952 ला तो रद्द झाला. तरी रस्त्याकडेला, त्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या पारध्यांची पालं पडली की आमच्या व्हॉट्सअप ग्रुपवर 'सावध राहा' येतंच. मी विचारलं, काय केलं त्यांनी? उत्तर आलं, 'अजून तरी काही नाही.'