घरचा फेडिव्हर्स सर्व्हर: लाईट येते, टनेल येत नाही

गोटूसोशल, म्हणजे फेडिव्हर्सचं (एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सोशल सर्व्हरांच्या जाळ्याचं) एक हलकं सर्व्हर सॉफ्टवेअर, आता साताऱ्याच्या घरी रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर मुक्कामाला आहे. त्याच जाळ्यातलं मोठं सॉफ्टवेअर, मास्टोडॉन, मुद्दाम टाळलं. घरच्या चार माणसांसाठी रुबी, पोस्टग्रेस, रेडिस, साइडकिक एवढा बारदाना कशाला मांडायचा? इथे गो भाषेतली एकच बायनरी (थेट चालणारी फाइल) आणि डेटाबेससाठी एसक्यूलाइटची एक फाइल. गोटूसोशल आणि मास्टोडॉन दोघंही अ‍ॅक्टिव्हिटीपब हीच सामायिक भाषा (प्रोटोकॉल) बोलतात, त्यामुळे मास्टोडॉनवाल्यांशी गप्पा व्यवस्थित चालतात. टाइमलाइन बघायला मात्र वेगळं अ‍ॅप लागतं. फोनवर टस्की, लॅपटॉपवर फॅनपी.

नव्याने मांडणाऱ्यांनी डोमेन आधीच नीट ठरवावं. बाहेरच्या सर्व्हरांनी तुम्हाला एकदा त्या नावाने ओळखलं, की नंतर ते बदलण्याची सोय नाही.

आता खरं दुखणं. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये दिसला तर समजून जा, तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता कित्येक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती घरच्या मशीनकडे वळवणं) कितीही करा, उपयोग शून्य. स्टॅटिक आयपी (स्वतःचा कायमचा पत्ता) घेणं हा एक मार्ग. मी एक लहानसा व्हीपीएस (डेटासेंटरमधला आभासी सर्व्हर) भाड्याने घेतला आणि घरून तिथपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचं टनेल (कूटबद्ध खासगी वाट) टाकलं. व्हीपीएसवर कॅडी हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट सांभाळतं आणि विनंत्या घरी पाठवतं. घरच्या बाजूला पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह (टनेल जागं ठेवणारं ठरावीक पॅकेट) २५ सेकंद ठेवलंय, नाहीतर सीजीनॅट थोड्या वेळाने वाट विसरतं. गोटूसोशलच्या ट्रस्टेड-प्रॉक्सीजमध्ये (विश्वासू मध्यस्थांच्या यादीत) व्हीपीएसचा टनेलमधला पत्ता घालायलाच हवा. तो नसेल तर सगळं जग एकाच आयपीवरून येतंय असं त्याला वाटतं आणि रेट लिमिट लागून भल्याभल्यांना ४२९ (‘फार विनंत्या झाल्या’ हा एरर कोड) मिळतो.

हे जमलं, आणि मग लाईट गेली. आली तेव्हा पाय सुरू, राउटर सुरू, टनेल ढिम्म. लॉगमध्ये अक्षर नाही, कारण नको असलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही. टनेलची स्थिती दाखवणाऱ्या ‘डब्ल्यूजी शो’ कमांडमध्ये शेवटच्या हँडशेकची (दोन टोकांनी एकमेकांना ओळखण्याची) ओळच नव्हती.

कारण घड्याळाचं. पाय ४ वर बॅटरीवाली आरटीसी (वीज नसतानाही चालणारं घड्याळ) नाही. अचानक वीज गेली की तो शेवटची जतन केलेली वेळ धरून उठतो, आणि फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचं सॉफ्टवेअर ती साधारण तासाला एकदा जतन करतं. वायरगार्डच्या प्रत्येक हँडशेकवर वेळेचा शिक्का असतो. आधीच्यापेक्षा जुना शिक्का आला की समोरचा तो गुपचूप फेकून देतो. जुनं पॅकेट पुन्हा पाठवून फसवणारा कोणी असेल म्हणून. बरोबरच आहे त्याचं.

एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेने) वेळ दुरुस्त झाली की टनेल आपोआप उठतं. पण सगळा ट्रॅफिक टनेलमधूनच जात असेल, म्हणजे वायरगार्डच्या अलाउड-आयपीज सेटिंगमध्ये ०.०.०.०/० (सगळे पत्ते) असेल, तर एनटीपीही त्याच बंद दारावर जाऊन थांबतं. वेळेला टनेल हवं, टनेलला वेळ हवी. आता त्या सेटिंगमध्ये व्हीपीएसचा एकच टनेल-पत्ता, /३२ लावून. बाकी सगळं, एनटीपी आणि डीएनएससकट, थेट बाहेर. सोबत सिस्टमडीचं (लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं) टाइम-वेट-सिंक, म्हणजे वेळ जुळेपर्यंत थांबवणारी सेवा, सुरू केलं आणि गोटूसोशलला टाइम-सिंक टार्गेटनंतरच उठायला सांगितलं. गोटूसोशलच्या पोस्टचा आयडी वेळेवरूनच बनतो, मागे पडलेल्या घड्याळावर लिहिलेली पोस्ट टाइमलाइनमध्ये खाली गाडली जाते.

थोड्या वेळाच्या अंधाराची काळजी नको. मास्टोडॉनचे सर्व्हर न पोचलेल्या पोस्टी पुन्हापुन्हा पाठवून बघतात. वेगवेगळ्या सात दिवशी अपयश आलं तरच तुमचा सर्व्हर बंद धरतात.

टाइमलाइन अजून सुनीसुनी आहे. मराठी हॅशटॅग शोधला तर आपल्या सर्व्हरपर्यंत पोचलेलंच दिसतं, म्हणून सध्या फॉलो करण्याचा सपाटा लावलाय. पुढचं काम बॅकअपचं: चालू डेटाबेसची नुसती फाइल कॉपी न करता एसक्यूलाइटचीच बॅकअप कमांड रात्री क्रॉनवर (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या शेड्युलरवर) लावायची. आणि राउटरला मिनी यूपीएस.